वळणाआधीचे पट्टे

ताई, तुझ्या तेरवीला संतोष आला होता. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. दाराबाहेर चप्पल काढून तो नुसताच उभा राहिला, आत यावं की नाही ते त्याला कळेना. मी उठून त्याला आत घेतलं, तुझ्या फोटोसमोर नेलं. त्यानं डाव्या हातानं फूल वाहिलं. आईनं विचारलं, "कुठं पडला रे बाबू?" तो म्हणाला, "ऐसेच, माँजी," आणि माझ्याकडे न पाहता निघून गेला.

तो हात मी मोडला. तू गेलीस त्याच सकाळी, तू पडली होतीस तिथून हाकेच्या अंतरावर, माझ्या लाठीनं. का मोडला ते तुला सांगायचं आहे. तू तिथंच होतीस, पण तुला किती दिसलं आणि किती कळलं, हे मला माहीत नाही.

आपलं भांडण जुनं. जुन्या शहरात, तात्यापाऱ्यातल्या आपल्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागं सरावं लागतं. तिथं वाढलेली तू नागपूरला जाऊन रस्त्यांची इंजिनीअर झालीस. राज्य नवं झालं, राजधानी नवी बांधायला घेतली, तेव्हा परत आलीस आणि सहा-सहा लेनचे रस्ते आखायला लागलीस. मी ट्रॅफिक पोलिसात सब-इन्स्पेक्टर. तू रस्ता बनवायचीस आणि मी त्यावरची माणसं सांभाळायचो, नाही तर उचलायचो. तुझं म्हणणं, रस्ता नीट बोलला तर माणूस ऐकतो. माझं म्हणणं, इथला माणूस फक्त काठीचं ऐकतो. रविवारी तू पोहे करायचीस आणि तोंडात घास असताना आपण भांडायचो. आई म्हणायची, हे दोघं एका खात्यात असते तर एकानं दुसऱ्याला कधीच सस्पेंड केलं असतं.

माझी काठी तुला आवडायची नाही. पंडरीच्या चौकात एकदा उलट्या बाजूनं आलेल्या ऑटोवाल्याला मी कानाखाली दिली आणि नेमकी तू समोरच्या दुकानातून साडी घेऊन बाहेर पडत होतीस. घरी येऊन तू एवढंच म्हणालीस, "तुले वाटते तो आता सरळ जाईन? तो फक्त तू कुठं उभा आहे ते पाहीन." मी म्हटलं, मग मी सगळीकडे उभा राहीन. तू हसलीस. ते हसणं मला लागलं होतं.

जुन्या शहरातून नव्या राजधानीकडे जाणारा तो रस्ता तुझा. लांबच लांब सरळ, आणि मग एका गावाजवळ एकदम वळणारा. ते वळण तू मागून घेतलं होतंस. नकाशात रस्ता गावाच्या तळ्यावरून सरळ जात होता. तळं बुजू नये म्हणून तू तुझ्या साहेबांशी भांडून तो वळवलास. सुरुवातीला त्यावर वाहनंच नव्हती. रिकाम्या, रुंद रस्त्यावर आपण किती जोरात चाललोय ते ड्रायव्हरला कळत नाही, असं तू सांगायचीस. बाजूला झाड नाही, घर नाही, डोळ्याला धरायला काही नाही. माणूस मीटर पाहून गाडी हाकत नाही, डोळ्याच्या कडेनं हाकतो. मी म्हणायचो, इथला माणूस दारू पिऊन हाकतो. मग लोखंडाच्या कारखान्यांचे ट्रक त्या रस्त्यानं जायला लागले.

पहिला मोठा ॲक्सिडेंट भर दुपारी झाला. स्पंज आयर्न, म्हणजे कच्च्या लोखंडाचे खडे, भरलेला ट्रक वळणात मावला नाही. दुभाजक फोडून पलीकडे गेला आणि बांधकामावरून परतणाऱ्या बायकांच्या पिकअपवर आडवा पडला. मी पोचलो तेव्हा काळ्या खड्यांच्या ढिगाखालून हात बाहेर आले होते, बांगड्यांसकट. फावडं कुणाच्या अंगाला लागेल ते कळत नव्हतं, म्हणून आम्ही फावडी टाकून हातांनी उकरायला लागलो. एक हात ओढला तर तो तेवढाच आला.

गाव धावून आलं. ड्रायव्हर शेतातून पळाला होता, म्हणून त्यांनी ट्रक पेटवला. टायर एकामागून एक फुटत होते, आणि त्या धुरात तू ऑफिसच्या जीपमधून उतरलीस. मी ओरडलो, परत जा. तू गेली नाहीस. काढलेल्या बायका रस्त्याच्या कडेला ओळीनं ठेवल्या होत्या. तू एकेकीजवळ थांबून पाहिलंस. गंगा नावाची एक पोरगी त्यातच होती. तिची आई, दुलारीबाई, तिच्या पायांशी बसली होती आणि साडीनं तिचे पाय झाकत होती. वारा साडी उडवत होता, ती पुन्हा झाकत होती.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी अंगणात नळाखाली हात धरून उभा राहिलो आणि मला तिथून हलता येईना. नखांत काळं बसलं होतं. तू काडेपेटीतली काडी घेतलीस आणि एकेक नख साफ केलंस, लहानपणी शाळेत नखं तपासायच्या दिवशी करायचीस तसं. त्या दिवशी आपण भांडलो नाही. तुझे आभार मी कधी मानले नाहीत; आपल्याकडे भावानं बहिणीचे आभार मानले तर तीच घाबरते.

गावानं सरकारची वाट पाहिली नाही. विटा, मुरूम आणि बांधकामावरून उचललेलं सिमेंट घालून त्यांनी स्वतःच ब्रेकर बनवला, गुडघ्याएवढा. ना रंग, ना पाटी. त्या ट्रकनंतर कुणाला दोष देणार? पण पहाटे दुधाचे कॅन घेऊन येणारा एक दूधवाला मोटारसायकलसकट त्यावरून उडाला आणि डोक्यावर पडला. सकाळी मी पाहिलं तेव्हा दूध आणि रक्त एका खड्ड्यात जमलं होतं आणि कुत्री तिथून हटत नव्हती. मी म्हटलं, ब्रेकर ठेवू, फक्त नीट बांधू, पाटी लावू. तू म्हणालीस काढायचाच. "ब्रेकर आंधळा असते, सुधीर. ट्रकवाला त्याच्यावरून उडून जाते, मरते तो सायकलवाला." मी म्हटलं, मग तुझ्या ट्रकवाल्यांना थांबवणार कोण? तू म्हणालीस, "मी पाहून राहिली नं." पाहून राहिली म्हणजे काय, ते तेव्हा सांगितलं नाहीस.

जेसीबी आणला त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर बसलं. माझ्यामागं शिपाई होते, हातात लाठ्या. सगळ्यांत पुढं दुलारीबाई. तू तिच्याशी बोलायला वाकलीस आणि तिनं हातातला दगड तुझ्या कपाळावर मारला. फेकला नाही, मारला. "तोर सडक ह मोर नोनी ला खा डारिस," ती म्हणत होती. तुझ्या सडकेनं माझी पोरगी खाल्ली. तू मागं कोसळलीस आणि माझी माणसं जमावावर तुटून पडली. तिचा मुलगा संतोष आईला ओढून न्यायला मधे आला, तर मी त्याची कॉलर धरली आणि लाठी उचलली. तुझ्या दोन्ही डोळ्यांत रक्त उतरलं होतं, तुला दिसतही नसावं. तरी तू ओरडलीस, "सुधीर, हात खाली." माझ्या शिपायांसमोर तू मला असं कधी बोलली नव्हतीस. मी हात खाली घेतला. सगळ्यांनीच घेतले.

दवाखान्यात टाके पडत असताना तू मला बजावलंस, तिच्यावर रिपोर्ट करायचा नाही. मी चिडलो. सरकारी कामात अडथळा, वर जीवघेणा हल्ला. दगड अंगठाभर खाली लागता तर डोळा जात होता. तू म्हणालीस, "तिची पोरगी गेली. माहा डोळा तं आहे." डॉक्टर सुई थांबवून तुझ्याकडे पाहायला लागला. मी बाहेर जाऊन भिंतीवर मूठ आपटली. रिपोर्ट केला नाही, पण पटलंही नव्हतं.

कपाळाची पट्टी निघायच्या आधीच तू तिच्या घरी गेलीस, मला न सांगता. तिनं दार लावून घेतलं. तू ओसरीवर बसून राहिलीस आणि परत आलीस. पुन्हा गेलीस तेव्हा दार उघडं होतं. पुढं कधीतरी तिनं तुला बासी वाढली, पाण्यात भिजवलेला आदल्या दिवसाचा भात, वर कच्चा कांदा आणि हिरवी मिरची. तू घरी येऊन आईला सांगितलंस की असं जेवण तुला आपल्याकडे मिळत नाही, आणि आई दिवसभर रुसली. त्या ओसरीवरून वळण दिसायचं. तिथं बसून तू ट्रकांचे मागचे लाल दिवे पाहायचीस. ब्रेक कुठं लागतो ते पाहायचीस. बहुतेकांचा वळणात शिरल्यावर लागत होता. तुला तो वळणाआधी लागायला हवा होता.

मग तू मला तुझी योजना सांगितलीस आणि मी खरोखर हसलो. वळणाच्या बरंच आधीपासून रस्त्यावर आडवे पांढरे पट्टे. सुरुवातीला दूर दूर, मग जवळ, मग आणखी जवळ. गाडी एकाच वेगानं चालली असली तरी पट्टे भराभर पायाखालून जायला लागतात, ड्रायव्हरला वाटतं आपली गाडी पळतेय, आणि पाय आपोआप उठतो. त्याशिवाय वळणाच्या पोटाशी कडेची रेघ आत घ्यायची, म्हणजे लेन अरुंद वाटते आणि ट्रक आपल्या जागी राहतो. मी म्हटलं, रंगानं ट्रक थांबत असता तर आम्ही पोलिसांनी होळीतच सगळे थांबवले असते. तुझ्या साहेबांनीही असंच काहीतरी म्हटलं, थोडं सभ्य भाषेत. तू ते ऐकून घेतलंस आणि तीच फाईल पुन्हा पुन्हा त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलीस. शेवटी कंटाळून त्यांनी एका बाजूची मंजुरी दिली: नव्या राजधानीकडून येणाऱ्या गाड्यांची बाजू.

ते काम मी पाहिलं. हातगाडीवर भट्टी, त्यात पांढरा रंग वितळत होता, लापशीसारखा घट्ट. तो रस्त्यावर ओतत जायचं आणि ओला असतानाच वर काचेचे बारीक मणी भुरभुरायचे, म्हणजे गाडीच्या दिव्यात चमकतो. तू मला लांब उभं केलंस आणि दाखवलंस, त्या रंगाचा थेंब एका कामगाराच्या बुटावर पडला होता तिथं चामडं जळून भोक पडलं होतं. संतोषला तूच ठेकेदाराकडे कामाला लावलं होतंस. तो भट्टी ढकलत होता. माझ्याकडे पाहायचा नाही, तुला मात्र "दीदी, पानी" म्हणून बाटली आणून द्यायचा.

पट्टे सुकल्यावर मी वेग मोजायचं यंत्र घेऊन वळणावर उभा राहिलो. खरं सांगायचं तर तुला हरवायला उभा राहिलो. लाल दिवे वळणाआधी लागत होते. एकामागून एक ट्रक, जणू कुणी त्यांना खांद्याला धरून मागं ओढत होतं. मी तुला फोन केला आणि म्हटलं, वेग पडलाय, पण दोन महिन्यांनी सवय होईल, मग काय करशील? तू रागावशील असं वाटलं होतं. तू म्हणालीस, "होईन सवय. मग दुसरं काही करू. तुह्या काठीची नाही का झाली?" आणि फोन ठेवलास. त्या बाजूनं त्यानंतर वळणावर कुणी मेलं नाही. हे मी तुला शब्दांत कधी सांगितलं नाही. तुला ते माहीत होतं, म्हणून चाललं.

दुसऱ्या बाजूच्या मंजुरीला फार वेळ लागला. मधल्या काळात त्या बाजूला आणखी एक ट्रक पलटला. मंजुरी आली तेव्हा तू आईला पेढे आणायला लावलेस.

त्या सकाळी मी तुला दोन शिपाई दिले होते. मी स्वतः येणार होतो, पण कुणा मोठ्या माणसाचा ताफा जायचा होता म्हणून मला पुढच्या चौकात उभं केलं. तुमचं काम लांबून वळणाकडे सरकत होतं. लांबचे पट्टे सुकून मोकळे झाले होते, शेवटचे थोडे राहिले होते. एक लेन नारिंगी कोन लावून बंद केलेली. गावातली माणसं पाहायला जमली होती, दुलारीबाई तुझ्यासाठी डबा घेऊन आली होती. वायरलेसवर माझ्या शिपायाचा आवाज आला, "मॅडम को ठोक दिया." कोणत्या मॅडमला, असं मी विचारलं नाही.

ताफा तसाच सोडून मी मोटारसायकल काढली. पोचलो तेव्हा तू रस्त्याच्या कडेला होतीस, दुलारीबाईच्या मांडीवर डोकं. तुझा पाय जिकडे वळला होता तिकडे पाय वळत नसतो. नाकातोंडातून रक्त येत होतं, पण छाती वरखाली होत होती. मी गाडी तशीच पाडली आणि तुझ्याकडे धावलो. आणि मग उजव्या हाताला, नाल्यात, मला ते दिसलं.

तुला ठोकणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला गावातल्या माणसांनी केबिनमधून ओढून नाल्यात टाकलं होतं. लाथा चालल्या होत्या, कुणाच्या हातात ट्रकचाच पाना होता. एकजण रंग खरवडायची लोखंडी पट्टी त्याच्या पाठीत घालत होता, लाकूड फोडावं तशी. तो माणूस आता ओरडतही नव्हता. माझ्या एका शिपायाची टोपी चिखलात पडली होती, दुसरा वायरलेसवर रडत होता. आणि भट्टीकडून संतोष येत होता. दोन्ही हातांत लांब दांड्याचं लोखंडी पातेलं, त्यातून वाफ निघत होती. तो त्या माणसाच्या तोंडाकडे चालला होता आणि जमाव त्याला वाट करून देत होता.

ताई, मला तो माणूस मरायला हवा होता. आणखी हळूहळू मरायला हवा होता. हे मी तुलाच सांगतोय. तू अगदी जवळ होतीस, वाकून हात लावता येईल इतकी जवळ, तुझा श्वास मला ऐकू येत होता. आणि मी तुला सोडून नाल्याकडे वळलो. विचार केला असता तर वळलो नसतो.

मी लाठी दोन्ही हातांनी उचलली आणि संतोषच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखू येतो. पातेलं पडलं, रंग गवतावर सांडला आणि गवत चरचरत काळं पडलं. मग जो पुढं आला त्याला मारलं. गुडघ्यांवर, खांद्यांवर, पाठीवर. तुझ्यासाठी रडणाऱ्या माणसांना मारलं. ज्यांच्या ओसरीवर तू बसायचीस त्यांना. एकजण हात जोडून ओरडत होता, "साहब, आपकी दीदी को मारा है इसने." मी त्यालाही मारलं. मग त्या पडलेल्या माणसाच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा राहिलो, लाठी आडवी धरून, आणि पोलिसांची गाडी येईपर्यंत कुणाला खाली उतरू दिलं नाही. तो खालून माझा पाय धरत होता. त्याचा हात मी लाथेनं झटकला, आणि त्यानं पुन्हा धरला.

तुझ्याकडे परत आलो तेव्हा दुलारीबाईनं तुझे डोळे मिटले होते. तिच्या लुगड्याला तुझं रक्त होतं. ती म्हणाली, "दीदी तोला देखत रिहिस." दीदी तुलाच बघत होती. मी खाली बसलो. कशी बघत होती, चेहऱ्यावर काय होतं, हे मला विचारायचं होतं. ती बाई सांगू शकली असती. मी विचारलं नाही आणि आता विचारायची हिंमत नाही. तू काठी पाहिलीस, की काठी कुणासाठी आडवी झाली होती ते पाहिलंस? दवाखाना लांब होता, तू वाचली नसतीस, असं डॉक्टर म्हणतो. पण माझा हात तुझ्या हातात असता.

गुन्हा अनोळखी जमावावर नोंदला गेला. संतोषचं नाव मी सांगितलं नाही. तू दुलारीबाईचं सांगू दिलं नव्हतंस म्हणून की त्याचा हात मोडून माझं पोट भरलं म्हणून, मला कळत नाही. रस्त्यात कुणी कुणाला जिवंत जाळायला निघावं आणि पोलिसानं त्याचं नाव गिळावं, यावर तू माझ्याशी भांडली असतीस. बहुतेक.

ड्रायव्हर वाचला. मी तुझा भाऊ, म्हणून त्याचा जबाब मला घेता येत नव्हता. दुसऱ्यानं घेतला, मी वॉर्डाच्या दारात उभा राहिलो. एक डोळा मिटलेला, जबडा बांधलेला, शब्द कसेबसे येत होते. तो प्यालेला नव्हता. तो म्हणाला, "पट्टियाँ पास-पास आने लगीं, तो लगा गाड़ी भाग रही है. मैंने पैर उठा लिया था, साहब. गाड़ी धीमी थी." मग समोरून, उलट्या बाजूनं, तिघांना बसवून एक मोटारसायकल आली. तिला वाचवायला त्यानं स्टिअरिंग फिरवलं, ट्रक कोनांवर चढला आणि कोनांच्या आत तू होतीस. मोटारसायकल निघून गेली. अजून सापडली नाही.

म्हणजे तुझे पट्टे चालले, ताई. त्याचा पाय उठला होता. तुझे बाकीचे सगळे कामगार पळून बाजूला होऊ शकले, ते त्यामुळंच. हे तुला ऐकायला मिळायला हवं होतं, आणि माझ्या तोंडून. पण तो मोटारसायकलवाला? उलट्या बाजूनं येणाऱ्याला पट्टे काय सांगणार? त्याला मी हवा होतो, त्या ठिकाणी, काठी घेऊन, आणि मी चौकात ताफ्याला सलाम ठोकायला उभा होतो. यावर तू काय म्हणाली असतीस ते मी रोज शोधतो. सापडतं ते उत्तर माझ्याच बाजूचं असतं, म्हणून टाकून देतो.

राहिलेले पट्टे अजून पडलेले नाहीत. कोन उचलले, लेन मोकळी केली, अर्धवट पट्ट्यांवरून ट्रक जातायत. मी तुझ्या ऑफिसात गेलो होतो. तुझ्या साहेबांनी मला चहा दिला, तुझ्याबद्दल चांगलं बोलले, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत काम थांबवल्याचं सांगितलं. मी कप त्यांच्या टेबलावर इतक्या जोरानं ठेवला की कान तुटून माझ्या हातात राहिला. तो तिथंच ठेवून आलो. उद्या पुन्हा जाणार आहे. तुझ्याइतका चिवट मी नाही, पण माझा आवाज मोठा आहे.

पाहुणे काल गेले. घरात आई आणि मी. दुपारी तिनं माझं ताट वाढलं, स्वतः बसली नाही. वरणाची पळी हातात धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, "सुधीर, तू गेला तवा ते जित्ती होती का?"

मी म्हटलं, होती.

"मंग तिच्यापाशी काहून नाही बसला?"

मी तिला सगळं सांगितलं. नाला, पातेलं, संतोषचा हात, माझा पाय धरणारा तो माणूस. मला तो मरायला हवा होता हेही सांगितलं. पळीतलं वरण थेंब थेंब जमिनीवर गळत होतं, तिचं लक्ष नव्हतं. माझं सांगून झालं तरी ती तशीच उभी होती. बाहेर गल्लीत दोन स्कूटरवाले एकमेकांना मागं हो म्हणत होते.

"त्याले लेकरं आहेत?" तिनं विचारलं.

आहेत, मी म्हटलं. वॉर्डाबाहेर पाहिली.

मग ती खाली वाकली, माझ्या भातावर वरण घातलं, वर तूप घातलं, आणि म्हणाली, "जेव."

मी जेवलो, ताई. तिनं परत वाढलं, तेही जेवलो. मग ती माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली, आणि मी उष्ट्या हातानंच तिचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं.